ऑम्लेटचा वास

सोमवार, ता. ४

डॉक्टरीणबाईंनी ह्यांचा सकाळचा नाश्ता बदलला. रक्तदाब वाढलाय. तळकट बंद, लोणी बंद, मीठ निम्मं. म्हणाल्या, "सकाळी हलकं ऑम्लेट द्या. दोन अंडी, त्यातल्या एकाचं पिवळं काढून टाकायचं. भाज्या भरपूर. चीज किसून, पण नावापुरतंच."

मी विचारलं, काढलेल्या पिवळ्याचं काय करायचं? त्या हसल्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. अन्न आहे. धाकटीच्या केसांना लावीन.

मी स्वतः अंडं खात नाही. लग्नाआधीपासून देवाला तसा शब्द दिलेला आहे. पण घरच्यांना करून घालते. त्याचा तवा वेगळा, कालथा वेगळा, खुंटीसुद्धा वेगळी. आंघोळ आणि जप आधी, मग त्या खुंटीला हात. चव घेता येत नाही, म्हणून माझं सगळं काम वासावर चालतं. आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही.

मंगळवार, ता. ५

पहिलं ऑम्लेट केलं. कांदा, ढोबळी मिरची अगदी बारीक. टोमॅटोच्या बिया काढून. पालकाची थोडी पानं. चमचाभर तेलात कांदा परतला, त्याचा उग्रपणा जाऊन गोडसर वास सुटला तेव्हा बाकीच्या भाज्या टाकल्या. वरून फेटलेलं अंडं. झाकण, आच एकदम बारीक. कच्च्या अंड्याला एक ओलसर वास असतो — तो वाफेतून गेला की आत शिजलं म्हणून समजायचं. मग चीज भुरभुरून अर्ध्यावर दुमडलं. दिसायला चांगलं झालं. एकीकडून पिवळं, मधून हिरवं-लाल डोकावणारं.

धाकटी म्हणाली, "आई, हॉटेलात ह्याचे किती घेतील माहितीये?"

म्हटलं, सांगू नकोस. रात्री झोप लागणार नाही मला.

ह्यांनी मुकाट्यानं खाल्लं. कसं झालंय विचारलं तर म्हणाले, "कागद खातोय असं वाटतंय."

मीठ कमी म्हणून असेल. पहिला दिवस आहे.

गुरुवार, ता. ७

डॉक्टरीणबाईंच्या नकळत मीठ किंचित वाढवलं. हे म्हणाले, "मीठ लागतंय. बाकी काही लागत नाही."

चीज थोडं जास्त घातलं होतं आज! तेसुद्धा लागलं नाही म्हणजे काय. शेवटी हिरवी मिरची मागून घेतली आणि कच्चीच चावून खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा कुठे चेहरा खुलला. "आता कसं, काहीतरी खाल्ल्यासारखं झालं."

माझा हात बिघडला की काय? आजची भाजी धाकटीला चाखायला दिली. ती म्हणाली, "चांगली तर झालीये." मग ह्यांनाच काय झालं?

शुक्रवार, ता. ८

अंडी आणली. मी नेहमी तडकलेली घेते, निम्म्या भावात मिळतात. अंडीवाला तीच तीच तंबी देतो — "ताई, आजच्या आज वापरा. उद्या माझ्याकडे भांडायला येऊ नका." मी कधी भांडायला गेलेली नाही. प्रत्येक अंडं वेगळ्या वाटीत फोडायचं, वाटी नाकाशी न्यायची, मगच दुसऱ्यात मिसळायचं. एवढं केलं की तडकलेल्यात आणि धडमध्ये फरक उरतो तो फक्त पैशांचा.

शनिवार, ता. ९

ह्यांना न्यायला पैलवान भाऊजी आले होते. नावाचेच पैलवान, अंगकाठी झाडूच्या हिरासारखी. हे आणि ते गॅस भरायच्या कारखान्यात एकाच पाळीला, कितीतरी वर्षांची जोडी. सकाळी यंत्रं सुरू व्हायच्या आधी दोघांनी सगळी शेड पायी फिरायची. नळ्या, सांधे, भरून ठेवलेल्या सिलिंडरांच्या रांगा, सगळीकडे वास घेत जायचं. वास आला की भिंतीवरची दोरी ओढायची. घंटा होते, सगळे बाहेर पळतात. दोघांनी "ठीक" म्हटल्याशिवाय बाकीची माणसं आत येत नाहीत. गॅसला स्वतःचा वास नसतो म्हणे. सडक्या अंड्यासारखा घाण वास त्यात मुद्दाम मिसळतात, कळावं म्हणून. वास ओळखणारं एक यंत्रही बसवलंय, पण ते कशानंही कोकलतं. म्हणून ह्यांच्या शेडमध्ये त्याचा आवाज बंद करून ठेवलाय. हे सांगताना सगळे हसतात.

पाच-सहा वर्षांमागे ह्यांनी असाच एक गळका सांधा नाकानं पकडला होता, कुणाला पत्ता लागायच्या आधी. अख्खी पाळी वाचली. त्याचं प्रशस्तिपत्र देवाच्या फोटोशेजारी लावलंय. मीच लावायला सांगितलं.

भाऊजी चहा घेताना म्हणाले, "वहिनी, ह्याचं नाक म्हणजे आमचा विमा. मी आपला मागे मागे फिरतो."

हे म्हणाले, "गप रे. तुझ्याशिवाय एक सांधा ओलांडत नाही मी."

दोघं हसत जिना उतरले.

सोमवार, ता. ११

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

ऑम्लेट तव्यावर होतं. बेल वाजली, विजेचं मीटर बघणारा आला होता. त्याच्याशी दोन शब्द बोलले, आकडा बरोबर उतरवतोय की नाही ते बघितलं — ते बघावंच लागतं. तेवढ्यात जळका वास आला. धावत आत गेले. तव्यातून काळा धूर. ढोबळी मिरचीचा कोळसा झालेला. सगळं स्वयंपाकघर कडू झालं होतं. घशाला खवखव सुटली.

आणि हे तिथेच बसलेले. चुलीकडे पाठ, हातभर अंतरावर. वर्तमानपत्र वाचत.

"अहो, जळतंय ना!"

"जळतंय?" मान वळवली, धूर बघितला, मग उठले. "अगं हो की. वाचण्यात गुंगलो."

दुसरं करायला अंडी होती, पण टाकवेना. खालचं काळं खरवडून तेच वाढलं. म्हटलं बोलणी खाईन. ह्यांनी घास घेतला, चावला आणि म्हणाले, "आज जरा कुरकुरीत झालंय. बरं लागतंय."

मी खरवडलेलं काळं हातात घेऊन उभी होते. ते फेकायचंही विसरले.

मंगळवार, ता. १२

दूध उतू गेलं. करपलेल्या दुधाचा वास मला न्हाणीघरात आला. हे ओट्याला टेकून उभे होते, चष्मा पुसत.

बुधवार, ता. १३

विचारणार होते. विचारलं नाही. सर्दी असेल, असं मनाला समजावते आहे. पण सर्दी दिसते. शिंका नाहीत, रुमाल नाही. आणि सर्दी असलेला माणूस बोलून दाखवतो, हे तर जरा ठसका लागला तरी घर डोक्यावर घेणारे. ह्यावेळी मात्र चकार शब्द नाही.

जपात दोनदा अडखळले. पुन्हा पहिल्यापासून केला.

गुरुवार, ता. १४

देवा, नवऱ्याची परीक्षा बघितली मी आज. बघावी लागली.

दुसरं अंडं फोडलं ते नासकं निघालं. हिरवट पाणी आणि असा भपकारा की मला तोंड फिरवावं लागलं. वाटी मोरीत ओतणार, तेवढ्यात मनात आलं. का आलं माहीत नाही. हाच वास. ह्यांचा आयुष्यभराचा ओळखीचा. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील असा.

मी ती वाटी ह्यांच्या कोपराजवळ ठेवली. पाण्याचा तांब्या मध्ये, म्हणजे दिसू नये. आणि दुसऱ्या चांगल्या अंड्याचं ऑम्लेट करायला घेतलं. कांदा जाडाभरडा चिरला गेला. मी पदर नाकाला लावूनच परतत होते. हे पेपर वाचत होते. पान उलटलं. ऑम्लेट वाढलं. खायला लागले. मध्येच म्हणाले, "पालक संपला का? आज दिसत नाही." दिसत नाही, म्हणाले. पानात काय आहे ते डोळ्यांनी शोधतात हल्ली.

तेवढ्यात धाकटी आतून आली. नाक चिमटीत धरून. "आई, काय मेलंय घरात?"

ह्यांनी वर बघितलं. तिच्या चेहऱ्याकडे. तिच्या चिमटीकडे. आणि लगेच स्वतःचं नाक धरलं. "हो ना. मघापासून मी तेच म्हणतोय तुझ्या आईला."

मघापासून! एक अक्षर बोलले नव्हते.

धाकटी वाटी घेऊन मोरीकडे गेली. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. ह्यांनीही माझ्याकडे बघितलं नाही. ऑम्लेट संपवलं, ताट उचलून ठेवलं, डबा घेतला आणि कामाला गेले. त्या शेडमध्ये.

शुक्रवार, ता. १५

दिवसभर डोळ्यांपुढे ती शेड. तिथे नुसते हे दोघं नाहीत. भरणारे आहेत, उचलणारे आहेत, गाड्या लावणारे आहेत. कॅन्टीनमधली बाई आहे, तिचं तान्हं मूल पेटीत झोपलेलं असतं. हे "ठीक" म्हणतात आणि ही सगळी माणसं आत येतात.

आज ऑम्लेट केलं नाही. पाव दिला. का ते ह्यांनी विचारलं नाही.

शनिवार, ता. १६

हे जेवताना आपण होऊन म्हणाले, "दुपारच्या पाळीला एक व्हॉल्व्ह गळताना सापडला. किरकोळ होता."

मी पोळी वाढत होते. हात तसाच राहिला. "तुमच्या पाळीला?"

"नव्हता तेव्हा. साहेबांनी विचारलं ना, सकाळी कसा कळला नाही म्हणून. पैलवाननं सांगितलं, सकाळी वास नव्हताच. छातीठोक सांगितलं. मग मीही तेच सांगितलं."

ऐकून छातीवरचा दगड उतरला. भाऊजींनी सांगितलं म्हणजे नव्हताच. भाऊजी आहेत ना बरोबर. दोन माणसं उगाच नाही ठेवलेली.

पण मग हे जेवले का नाहीत?

रविवार, ता. १७

धाकटी शिकवणीला गेल्यावर विचारलं. आडवळण घेतलं नाही. म्हटलं, "तुम्हाला वास येत नाही. कधीपासून?"

आधी हसले. "काहीतरीच." मग चिडले. "नासकी अंडी नवऱ्याच्या नाकाखाली ठेवतेस, लाज नाही वाटली?" म्हणजे कळलं होतं त्यांना. नाकानं नाही, धाकटीनं वाटी उचलली तेव्हा.

मी निवडायची भाजी पुढे ओढली. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "तो ताप आला होता ना, अख्ख्या पाळीला. त्यानंतर. आधी वाटलं येईल परत. मग थोडा थोडा येतोय असं वाटायचं. पण तो आठवणीतला असायचा. तू कांदा चिरताना दिसलीस की मला कांद्याचा वास यायचा. डोळे मिटले की काही नाही."

"साहेबांना सांगा."

"सांगू आणि काय करू? गेटवर खुर्ची टाकून बसू? शेडमध्ये मला नावानं कुणी हाक मारत नाही, माहितीये तुला? नाकसाहेब म्हणतात. ते गेलं की मी तिथला कुणी नाही."

"आणि तिथली माणसं?"

"पैलवान आहे." माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं. "खोटं नाही सांगत. मी त्याच्या तोंडाकडे बघत चालतो. त्याच्या कपाळाला आठी पडली की मी थांबतो. त्याचा चेहरा साधा, तर पुढे. ह्या सगळ्या दिवसांत एकदा तरी चुकलोय का सांग."

मी देठं आणि पानं एकाच टोपलीत टाकत बसले होते.

सोमवार, ता. १८

काम करता करता कान देते. इतक्या लांबून घंटा ऐकू येणार नाही, हे ठाऊक असूनही.

मंगळवार, ता. १९

मी कारखान्यावर गेले. हे डबा विसरले होते असं निमित्त केलं. खरं तर डबा मीच मागे ठेवला होता. साहेबांना सांगायचंच, असं देवापुढे म्हणून निघाले.

गेटवर एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसलेले. एके काळी ह्याच शेडचे मुकादम होते, मी ओळखते त्यांना. आता गाड्यांचे नंबर उतरवून घेतात. आत जाणारी पोरं त्यांच्या खुर्चीला वळसा घालून जात होती, वाटेत खांब असावा तशी. मला बघून उठायला लागले. म्हटलं, बसा हो काका. "बसलेलाच असतो," म्हणाले. "उठायला कुणी येत नाही म्हणून तुमच्यासाठी उठतोय."

साहेब ऑफिसातून बाहेर आले. स्वतःहून थांबले. "काय वहिनी, सगळं बरं ना?"

मी तोंड उघडलं. त्यांच्या मागे शेडचं दार उघडं होतं. आत हे उभे. हातात ब्रश आणि साबणाच्या पाण्याचा डबा. शेजारी भाऊजी काहीतरी सांगत होते आणि हे मनापासून हसत होते. घरी कित्येक महिन्यांत असे हसलेले नाहीत.

"हो, बरं आहे," म्हटलं. डबा काकांपाशी ठेवला आणि परत आले.

संध्याकाळी दिवा लावताना देवाकडे बघायचा धीर झाला नाही.

बुधवार, ता. २०

लिहिताना अजून अक्षर नीट येत नाही.

मी देवळातून लवकर परतले. ह्यांची सुट्टी होती. जिन्यातच मला तो वास आला. पहिल्या मजल्यावर अंधुक, दुसऱ्यावर स्पष्ट. आमच्या दाराशी तर गच्च. दार लोटलं. हे ओट्यापाशी उभे होते. चहाचं आधण उतू जाऊन आच विझली होती आणि बटण तसंच पूर्ण फिरवलेलं. शेगडी नुसती सूं करत होती.

आणि ह्यांच्या डाव्या हातात काडेपेटी. उजव्या हातात काढलेली काडी.

"विझला वाटतं," मला म्हणाले. साधेपणानं. काडी पेटीला टेकलेली होती.

मी काय केलं ते मला सलग आठवत नाही. ह्यांच्या हातावर मारलं एवढं आठवतं. नवऱ्यावर हात उचलला मी. काड्या ओट्यावर, जमिनीवर, साखरेच्या डब्यात. बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, ह्यांना दंडाला धरून जिन्यात आणलं. शेजारचं दार उघडलं, बाई म्हणाल्या, "अहो, गॅसचा किती वास येतोय. कुणाकडे?" मी म्हटलं, "आमच्याकडे. बंद केलाय."

हे पायरीवर बसले. "आत होता?" विचारत राहिले. "इतका होता? जिन्यातसुद्धा?" लहान मुलासारखं. मी हो म्हणायची, की पुन्हा विचारायचे.

मग म्हणाले, "धाकटी कुठेय?"

शाळेत, म्हटलं. तेव्हा रडले.

गुरुवार, ता. २१

आज कामावर गेले नाहीत. मी म्हटलं, एक तर साहेबांना तुम्ही सांगा, नाही तर मी सांगते. परवासारखं मागे फिरणार नाही.

पुष्कळ हो-नाही झालं. शेवटी म्हणाले, "साहेबांच्या आधी पैलवानला सांगतो. त्याचा हक्क आहे. एवढे दिवस मी त्याच्या जिवावर फिरलो आणि त्याला कल्पनाही नाही. त्याला कळलं की तो एकटा वास घेतोय, तर तो दुप्पट जपून घेईल. मग तो आणि मी मिळून साहेबांकडे जाऊ. मला दुसरं काम द्या म्हणून मीच सांगेन. गेट तर गेट."

मला हे पटलं. चोरून सोडल्यासारखं होण्यापेक्षा मित्राला बरोबर घेऊन, मान वर ठेवून जावं. रविवारी सकाळी भाऊजींना नाश्त्याला बोलवायचं ठरलं.

"ऑम्लेट कर," म्हणाले. "त्याला फार आवडतं. माझ्यासारखं फुकट जाणार नाही."

तोवर दोन दिवस रजा टाकलीय. रक्तदाबाचं कारण. खोटं नाही तसं.

शुक्रवार, ता. २२

हे घरात आहेत म्हणून आज मी गाढ झोपले. खूप दिवसांनी. दुपारची भांडी संध्याकाळपर्यंत तशीच.

शनिवार, ता. २३

उद्याची तयारी. ह्यावेळी तडकलेली घेतली नाहीत, सगळी धड अंडी आणली. अंडीवाला माझ्या कपाळाला हात लावायचाच बाकी होता. "ताई, बरं आहे ना?" म्हटलं, पाहुणे आहेत. "कोण, मंत्री?" म्हटलं, त्याहून मोठे. ढोबळी मिरची दोन रंगांची घेतली. चीजचं नवं पाकीट. हिशेबाच्या वहीत लिहिताना हात आखडला नाही.

धाकटी म्हणाली, "पैलवानकाकांसाठी एवढं? माझ्या वाढदिवसाला तर तू मेणबत्त्यासुद्धा जुन्या लावल्यास."

म्हटलं, त्या अर्ध्याच जळलेल्या होत्या.

हे संध्याकाळी आरशापुढे उभे राहून काय बोलायचं त्याची तयारी करत होते. मला बघून केस विंचरायला लागले. किती दिवसांनी हसू आलं मला. जप एकदाही न चुकता झाला. एका शाबूत नाकाच्या आधारावर एवढी माणसं उभी आहेत देवा, भाऊजींना शंभर वर्षं आयुष्य दे, असं मी म्हणाले.

रविवार, ता. २४

भाऊजी वेळेच्या आधीच आले. मी पूजा आटपून उठत होते. अंडी टोपलीत, कांदा अजून चिरायचा, तवा खुंटीला, शेगडी थंड.

दारात चपला काढतानाच म्हणाले, "वहिनी, काय घमघमाट सुटलाय ऑम्लेटचा! जिन्यातच भूक लागली."

हे बाहेरच्या खोलीतून लगेच म्हणाले, "मग! मघापासून सुटलाय."

मी कुंकवाचं बोट तसंच धरून दारात उभी राहिले. दोघं समोरासमोर बसले होते. भाऊजी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि हे भाऊजींच्या.

उद्या दोघांची सकाळची पाळी आहे.